उजवीकडच्या खोल्या

५ जानेवारी, रविवार

ही डायरी प्रियदर्शनीच्या हुकुमावरून. ती पुण्यात बसून चित्रं काढते, मी इथे वाशीमजवळच्या मालेगावात बसून त्या चित्रांना चालायला लावते, आणि दोघींचा मिळून एक गेम होतो आहे. तिचं म्हणणं, रोज काय केलं आणि काय चुकलं ते लिहीत जा, म्हणजे तीच चूक दोनदा होणार नाही. मी म्हटलं, माझ्याकडे नव्या चुकांचा साठा भरपूर आहे, जुनी वापरायची वेळच येत नाही. तरी वही आणली.

गेमचं नाव 'बीळ'. एक मुंगूस आहे. त्याला जमिनीखालच्या साठ खोल्यांतून उड्या मारत वाट काढायची आहे. सगळी दारं पहिल्या फेरीत उघडत नाहीत. पुढे कुठेतरी ते उकरायला शिकतं, मग मागे सोडलेली मातीची भिंत आठवते, आणि उलट्या पावली परत जावं लागतं. जिथे पाय ठेवला तेवढाच नकाशा भरतो, बाकीचा काळा राहतो. मला या गेमांतलं हेच सगळ्यात आवडतं. दार कधीचं तिथेच असतं, आपणच तयार नसतो.

या प्रकाराला मेट्रॉइडव्हेनिया म्हणतात. अब्बांना सांगितलं तर म्हणाले, "शुगरच्या गोळीचं नाव वाटते."

बंगळुरूच्या एका स्पर्धेला पंधरा फेब्रुवारीपर्यंत नमुना पाठवायचा आहे. निवडला गेला तर पुढचं काम करायचं. नाहीतर जूनपासून मुकाट्याने शाळेत कॉम्प्युटर शिकवायचं. हे मला घरात कुणी सांगितलेलं नाही, माझं मीच ठरवलंय.

प्रियदर्शनी म्हणते, ज्याने आयुष्यात गेम खेळला नाही अशा माणसाला खेळायला बसव. असा माणूस घरातच आहे. फय्याज टेलर्सचे मालक, वय अठ्ठावन्न.

८ जानेवारी, बुधवार

अब्बा खेळले! टीव्हीला लॅपटॉप जोडला, हातात कंट्रोलर दिला. बोटं चांगली चालतात त्यांची, पस्तीस वर्षं सुई धरलेली. उडी मारणं दहा मिनिटांत जमलं.

पण गेले डावीकडे.

गेममध्ये सुरुवातीला सगळे उजवीकडे जातात. पहिल्याच खोलीत उजवीकडे चांगलं मोठं दार आहे, त्यावर प्रियदर्शनीने पिवळा उजेड रंगवलाय. डावीकडे नुसती मुळांची भिंत. अब्बा त्या भिंतीला सहा मिनिटं धडका देत होते.

"अब्बा, भिंत आहे ती."

"भिंत हाय तं पलीकडं काईतरी असंनच ना."

"दुसरीकडे बघा की."

"तू बोलू नको. मी शोधून राह्यलो."

मी गप्प बसले, कारण खेळणाऱ्याला मदत करायची नाही असा नियमच आहे. मग एकदम डोक्यात उजेड पडला. अब्बा उर्दू शाळेत शिकलेले! उर्दू उजवीकडून डावीकडे जाते. माझी शाळा मराठी, म्हणून मला उजवीकडेच पुढे वाटतं. त्यांना डावीकडे पुढे वाटतं. इतकी साधी गोष्ट जगातल्या कुणा गेमवाल्याला सुचली नसेल. मी स्वतःवर बेहद्द खूश झाले.

तेवढ्यात अब्बांचा हात लागून चहाचा कप सांडला. अम्मी म्हणाली, "डोळ्यासमोर ठेवला होता." मी म्हटलं, गेममध्ये रमले, चांगलं लक्षण आहे.

९ जानेवारी, गुरुवार

प्रियदर्शनी फोनवर किंचाळलीच. म्हणाली, हे अर्जात लिहायचं, ठळक अक्षरांत. आता मुळांच्या भिंतीमागे खरोखर एक खोली करायची. डावीकडे जाणाऱ्यांसाठी. तिने संध्याकाळपर्यंत चित्र पाठवलंसुद्धा, जमिनीखालचं छोटं तळं आणि त्यात वरून येणारा उजेड. बाकीच्या खोल्यांत आहेत तशी मी त्यातही एक चिंच ठेवली. मुंगसाने चिंच खाल्ली की एक जीव वाढतो.

मुंगूस चिंच खात नाही, हे मला ठाऊक आहे.

१३ जानेवारी, सोमवार

आज गेमचं काम थोडं, तक्रारीच जास्त.

अब्बांच्या मोटारसायकलचा उजवा आरसा तुटला. म्हणे गुरांचं कुटार भरलेला ट्रॅक्टर घासून गेला. "दिसलाच नाई. आजकाल हॉर्नबी वाजवत नाई लोकं."

मग दुपारी गुलाबराव दुकानात. नदीकडे त्यांचा भाजीचा मळा आहे, मेथी आणि सांबार (आमच्याकडची कोथिंबीर) घेऊन रोज बाजारात येतात, आणि त्यांचे शर्ट मी जन्मायच्या आधीपासून अब्बाच शिवतात. अब्बा नमाजला गेले होते. गुलाबराव काउंटरवर मेथीची जुडी ठेवून मला म्हणाले,

"पोरी, भाई माह्यावर नाराज हायेत का?"

"नाही हो काका. काहून?"

"दोनदा रामराम केला रस्त्यानं. एकदा तं पार खेटून उभा होतो. पाह्यलंबी नाई. माह्या पुतण्याचं लग्न हाय, शर्ट दुसरीकडं टाकला असं कोनी सांगितलं का त्याईले?"

मी हसून सांगितलं, "त्यांच्या डोक्यात सध्या मुंगूस आहे, काका." गुलाबरावांना ते काही समजलं नाही, आणि त्यांचं समाधानही झालं नाही.

अम्मी मात्र खुशीत आहे. हल्ली अब्बा कुठेही जाताना तिला गाडीवर मागे बसवून नेतात. "तीस वर्षं म्हनत होते, मागं बसून बडबड करू नको. आता सोताच विचारते, लतीफा, उजवीकडून कोनी येऊन राह्यलं का? मी सांगते, ते ऐकते." अम्मीच्या मते हा तिच्या दुवांचा परिणाम आहे.

म्हातारपणी प्रेम वाढतं, असं दिसतंय.

१७ जानेवारी, शुक्रवार

जुम्म्याच्या नमाजनंतर दुकान बंद, म्हणून दोन तास मिळाले.

अब्बांनी मुळांची भिंत पार केली आणि तळं सापडलं! "मी बोललो होतो ना!" असे काही ओरडले की अम्मी कणकेच्या हाताने बाहेर आली. मीच गेल्या आठवड्यात ती खोली केली आहे, हे मी सांगितलं नाही. इतका आनंद माझ्या गेमने कुणाला दिलेला मी अजून पाहिला नव्हता.

पण मग तळ्यातून खाली उतरले, तर दुसऱ्या मजल्यावर गांधीलमाशी. ती उजवीकडून येते, डंख मारते, मुंगूस मरतं. अब्बा नऊ वेळा मेले.

"आली कुठून हे?"

"समोरून आली, अब्बा."

"समोर काईच नव्हतं."

माशी फार वेगात आहे, चूक माझी. रात्री नको, उद्या सकाळीच हळू करते.

१९ जानेवारी, रविवार

माशीचा वेग निम्मा केला. अब्बा मेले. पाव केला. अब्बा मेले. आता ती माशी इतकी हळू उडते की प्रियदर्शनी म्हणाली, तिला सलाईन लाव. मग मी तिचा आकार दुप्पट केला आणि रंग लाल. अब्बा परत मेले, आणि पहिल्यांदाच चिडले. कंट्रोलर गादीवर ठेवून म्हणाले, "तुह्या गेममधी इमान नाई. न दिसता मारते."

मला रडू आलं. त्यांच्यासमोर नाही, नंतर गच्चीवर कपडे काढायला गेले तेव्हा. दीड वर्ष एखाद्या गोष्टीवर घालवायचं आणि आपल्याच बापाने तिला बेइमान म्हणायचं. प्रियदर्शनीला काय ठीक दिसतं, मला काय ठीक दिसतं, याला अर्थ नाही. नव्या माणसाला दिसत नाही, म्हणजे मला बनवता येत नाही. शाळेची जाहिरात परत एकदा वाचली.

२२ जानेवारी, बुधवार

गुलाबरावांचा लग्नाचा शर्ट परत आला. खिसा वाकडा बसलाय, एका बाजूने बोटभर खाली. अब्बांच्या हातचा वाकडा खिसा! गुलाबरावांना वाटतं, रागाने मुद्दाम केलं. अब्बांनी खिसा उसवला आणि परत लावला, या वेळी शर्ट उलटा फिरवून, कॉलर स्वतःकडे घेऊन. असा शर्ट धरून काम करताना मी त्यांना कधी पाहिलेलं नाही.

सकाळचा पेपर तसाच घडीचा पडलेला असतो. आधी अब्बा मृत्यूच्या बातम्यांसकट सगळा वाचायचे. आता फक्त त्यांची जुनी उर्दू मासिकं काढून बसतात. मी विचारलं, पेपर काहून नाही वाचत?

"मराठी अक्षरं पुढं सरकत नाई. ओळ कुठं जाते समजत नाई. उर्दू बरी चालते."

अम्मी म्हणाली, दिवाळीत ते दोन दिवस डोकं धरून पडले होते ना, तेव्हापासून मन असंच झालंय, जुन्याकडे ओढ लागली आहे. मला मात्र माझ्या सिद्धांताला आणखी एक पुरावा मिळाला. हेही अर्जात घालणार.

२८ जानेवारी, मंगळवार

काही विशेष नाही. आवाज बसवले. अब्बा रोज असरच्या नमाजनंतर अर्धा तास खेळतात. माशीच्या मजल्यावर आता जातच नाहीत. डावीकडच्या खोल्या धुंडाळतात. मी मनातल्या मनात त्यांना 'डावखुरा मुसाफिर' नाव ठेवलंय.

३१ जानेवारी, शुक्रवार

आज घडलं ते क्रमाने लिहिते.

अब्बा आणि अम्मी सकाळी दहाला मोटारसायकलवर अनसिंगला गेले, अम्मीच्या चुलत बहिणीकडे साखरपुड्याला. मी अर्ज भरायला बसले. अर्जात नकाशे जोडायचे आहेत, कोण कुठे फिरलं त्याचे. प्रियदर्शनीचा एक, माझा एक, अब्बांचा एक. गेम प्रत्येक खोलीत काय उचललं आणि काय राहिलं ते ठिपक्यांनी दाखवतो. तिन्ही शेजारी शेजारी लावले, म्हणजे अब्बांची उर्दू चाल ठळक दिसेल.

दिसली. डावीकडच्या खोल्या भरलेल्या, उजवीकडच्या काळ्या. मी खाली लिहायला लागले, 'उर्दू वाचणारा खेळाडू…' आणि तिथेच थांबले.

कारण ज्या खोल्यांत ते गेले होते, त्यांच्या आतसुद्धा तसंच होतं. प्रत्येक खोलीत डाव्या बाजूच्या चिंचा उचललेल्या. उजव्या बाजूच्या जागच्या जागी. वरून पडून आले त्या खोलीतही. मी पंचवीस खोल्या मोजल्या.

आणि उर्दू तर उजवीकडून सुरू होते! सवयीचा माणूस नजर आधी उजवीकडे टाकेल. तिथली चिंच त्याला सगळ्यात पहिली दिसेल. माझा सगळा सिद्धांत उलटा होता, आणि तीन आठवडे मी तो मिरवत होते.

मग एकेक गोष्ट रांगेने आली. कप उजव्या हाताला होता. आरसा उजवा. गुलाबराव कुठल्या बाजूला उभे होते ते कुणी सांगितलं नव्हतं, पण मला माहीत होतं. शर्ट समोर पसरला की खिसा उजवीकडे येतो. मराठी ओळ उजवीकडे जाते, तिथे त्यांना पुढचं अक्षर दिसतच नाही. माशी उजवीकडून येते. न दिसता मारते, असं त्यांनी मला अगदी सरळ शब्दांत सांगितलं होतं. आणि मी काय केलं, तर माशी हळू केली, मोठी केली, लाल केली. अब्बांना एकदाही विचारलं नाही.

आणि ते या घडीला गाडीवर होते, मागे अम्मी, वाशीमच्या रस्त्याने ट्रकांच्या मधून.

फोन लावला. अम्मीचा घरीच वाजला, उशीखाली. अब्बा गाडी चालवताना उचलत नाहीत. मग वाटलं, उचलू नयेच, रस्त्यात दचकले तर? मावशीकडे फोन केला. म्हणाली, अर्धा तास झाला निघून. मी दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. समोर गुलाबराव भाजी लावत होते. त्यांनी विचारलं काय झालं, आणि मी सांगून टाकलं. ते जुडी हातात धरून तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "म्हंजे मी दिसलोच नाई त्याईले?" आणि माझ्या शेजारी पायरीवर येऊन बसले. भाजी तशीच पडली होती.

दोघं पावणेतीनला आले. अम्मी लांबूनच ऐकू येत होती: "उजवीकडं रिक्षा हाय, थांबा. हां, आता चला." तीस वर्षांची बडबड आज उजव्या खांद्यावरच्या देवदूताच्या जागी बसलेली मला दिसली.

गाडी थांबली. मी अब्बांना दुकानात स्टुलावर बसवलं. म्हटलं, माझ्या नाकाकडे बघा, नजर हलवायची नाही. लाल दोऱ्याची रीळ डावीकडून आणली. "रीळ हाय," म्हणाले. मग उजवीकडून आणली. हळूहळू, त्या माशीसारखी. त्यांच्या कानापाशी, गालापाशी, पार नाकाजवळ.

"आता काय दिसतं, अब्बा?"

"तू आन तुहा रिकामा हात."

रीळ माझ्या दुसऱ्या हातात होती, त्यांच्या नाकाजवळ. गुलाबरावांनी तोंडावर हात नेला. अब्बांनी आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि त्यांना समजलं.

मग ते म्हणाले, "मले वाटलं, चष्म्याचा नंबर असंन. ईदचे कपडे हातात घेतले हायेत. दरज्याले दिसत नाई, असं एकदा गावात झालं, की मंग कोन कापड देते? ईद झाल्यावर दाखवनार होतो."

"आन मी मागं बसत होते ते?" अम्मीने विचारलं.

"तू होती म्हनून तं चालवत होतो."

अम्मीने गाडीची चावी काढली आणि ब्लाउजमध्ये ठेवली. आता ती चावी कयामतपर्यंत निघणार नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

वाशीमला दाखवलं, तिथून अकोल्याला पाठवलं. एसटीने गेलो. डोक्याचा स्कॅन झाला. डोळे दोन्ही ठीक आहेत. मेंदूच्या मागच्या भागात रक्ताची एक छोटी गुठळी अडकून गेली, बहुधा दिवाळीतल्या त्या डोकेदुखीच्या दिवशीच. तिने दोन्ही डोळ्यांची उजवी बाजू नेली. गेलेलं फारसं परत येणार नाही, डॉक्टरांनी आशा दाखवली नाही. पण दुसरी, मोठी गुठळी येऊ शकली असती, तिच्यासाठी आता औषधं सुरू झाली. ब्लडप्रेशर खूप होतं. गाडी बंद. शिवणकाम चालेल, पण मान उजवीकडे वळवून बघायची सवय लावायची. "नजर जात नसेल तर मान न्यायची," असं त्यांनी अब्बांना दहादा करून दाखवायला लावलं.

तुम्हाला कसं लक्षात आलं, असं डॉक्टरांनी मला विचारलं. मी मोबाईलवर नकाशा दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि गेमचं नाव विचारलं.

येताना बसमध्ये अब्बांनी गोळ्यांची पुडी हातात घेतली. "याचंच नाव होतं का ते मेट्रो काय ते?" मी हसले, आणि हसता हसता रडले, आणि या वेळी त्यांच्यासमोरच.

१० फेब्रुवारी, सोमवार

प्रियदर्शनीशी बोलले. अर्जातला उर्दूचा परिच्छेद खोडला. ती फक्त म्हणाली, डावीकडची खोली राहू दे. माशी मी पहिल्या वेगावर आणि पहिल्या रंगावर नेली. ती मुळात ठीकच होती.

अब्बांनी कापायचं टेबल भिंतीपासून ओढून फिरवून घेतलंय. कापड आता डाव्या हाताला पसरतं. गुलाबराव रोज सकाळी येतात, आणि रस्ता ओलांडून मुद्दाम डाव्या बाजूने येतात. "रामराम भाई! दिसलो का?" दहा पावलांवरूनच ओरडतात. अब्बा म्हणतात, आंधळा नाई झालो, बहिरा तं मुळीच नाई.

ईदचे कपडे कुणीही परत नेले नाहीत. एकाने विचारलं, होईल ना भाई? अब्बांनी त्याला काजं दाखवली. आता बहुतेक काजं अम्मी करते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

नमुना उद्या पाठवायचा. निवडला जाईल की नाही, माहीत नाही. या आठवड्यात पहिल्यांदाच मला त्याची भीती वाटत नाहीये.

जुम्म्यानंतर अब्बा स्वतःहून म्हणाले, "लाव. पयल्यापासून."

अम्मी त्यांच्या उजव्या हाताला येऊन बसली, गाडीवर बसायची तशीच, तयारीत. मुंगूस पहिल्या खोलीत उभं राहिलं. अब्बांनी डावीकडे पाहिलं, मुळांची भिंत ओळखीची. मग मान वळवली, सावकाश, हनुवटी खांद्याला टेकेपर्यंत. टीव्हीवर पिवळा उजेड पडला होता.

"हे दार कव्हा केलं?"

"पहिल्या दिवसापासून आहे, अब्बा."

त्यांनी दार नीट पाहून घेतलं. मग मुंगसाला उजवीकडे नेलं. दार, बोळ, खालचा मजला. माशी निघाली, पूर्ण वेगाने. अम्मी पुढे झुकली.

"अजी, उजवीकडं…"

"थांब," अब्बा म्हणाले. "सांगू नको. मलेच पाहू दे."

मान वळली. अम्मीने तोंडावर पदर धरला.

"पाह्यली," ते म्हणाले, आणि उडी मारली. नकाशावर उजवीकडची पहिली खोली भरली.